सरांचा दवाखाना चालू ठेवताना

संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून बीडीएस झाल्यावर मी अंबाजोगाईत ज्या सरांच्या हाताखाली दोन वर्षं काम केलं, त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा बसली. मी तेव्हा परळीत स्वतःचा दवाखाना टाकायच्या तयारीत होते. काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला, "अगं, तू येऊन तरी बघ. पेशंट दारातून परत चाललेत."

कुलूप उघडलं तेव्हा ट्रेमध्ये प्लास्टरची सात मॉडेल्स होती, लातूरच्या लॅबहून एसटीनं आलेले कॅपचे दोन डबे होते, आणि सरांची डायरी. एका पानावर लिहिलेलं: '46, दोन कॅनॉल झाले, एमबी सापडत नाही.' म्हणजे उजवीकडच्या खालच्या दाढेच्या मुळातल्या दोन नळ्या साफ झाल्या, तिसरी सापडत नाही. पेशंटचं नाव एवढंच, 'पाटलीणबाई, घाटनांदूर'. आता घाटनांदूरला पाटलीणबाई काय एकच आहेत? कंपाउंडर मामांना चेहरा आठवत होता म्हणून शोध लागला. टेम्पररी फिलिंग निघून गेलेलं, गाल सुजलेला. दोन बैठकांत तो कॅनॉल सापडला आणि दात वाचला.

अशा दवाखान्यात पाऊल टाकलं की सगळ्यात आधी अर्धवट कामांची यादी करा. रूट कॅनल उघडे असलेले, मापं दिलेले, टाके काढायचे राहिलेले. तारांचे पेशंट सगळ्यात अवघड. पैसे सरांकडे भरलेले, काम वर्षभराचं बाकी. एक आई म्हणाली, "पैसे तर सगळे दिलेत बाई, आता पोरीच्या तारा कोण काढणार?" काकूंनी आणि मी ठरवलं, भरलेला पैसा पुन्हा मागायचा नाही. महिन्यातून एकदा लातूरहून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारांचा डॉक्टर, बोलावला, त्याची फी काकूंनी दिली. काकूंचं ते ऋण मी विसरणार नाही.

लोक मामांना म्हणायचे, तुम्हीच काढा की दात, वीस वर्षं बघताय. तिथं मी ठाम राहिले. कायदाच आहे, नोंदणी असलेल्यानंच तोंडात हात घालायचा. तसंच सरांच्या लेटरपॅडवर एक गोळीसुद्धा लिहायची नाही. आपलं नाव, आपला डेंटल कौन्सिलचा नंबर.

बँकेत खरी दमछाक झाली. करंट खातं सरांच्या एकट्याच्या सहीचं, आणि सहीचा हातच गेलेला. महिन्याभरात त्यांना बोलणं उमजायला लागलं, मान हलवून हो-नाही सांगता यायला लागलं. मग दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचाच अधिकारी, अंगठा घेतला आणि काकूंच्या नावे मुखत्यारपत्र झालं. वाटलं, आता सुटलो. माघात सर गेले आणि मुखत्यारपत्र त्याच दिवशी संपलं. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपतंच, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खात्याला नॉमिनी सरांची आई, ती कधीच वारलेली. मग कोर्टातून वारसा प्रमाणपत्र. तोवर मामांचा पगार मी माझ्या खिशातून दिला. भाडेकरार, एक्स-रे मशीनची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंदणी, दवाखान्यातल्या कचऱ्याची परवानगी, सगळं सरांच्या नावावर होतं. एकेक कागद बदलत बसले.

एक सांगते. दवाखाना बंद ठेवला की खुर्ची आणि कॉम्प्रेसर सेकंडहँडच्या भावात जातात, आणि पेशंट तर कुणाची वाट बघत नाहीत. त्यामुळे घरच्यांनी तेराव्यापर्यंत थांबूया म्हटलं तरी दुसऱ्या कुणीतरी रोज दोन तास शटर उघडावं. काकूंशी मी भाड्याचा करार आधी स्टॅम्प पेपरवर केला, नातं कितीही जवळचं असलं तरी. पुढं दवाखाना मीच विकत घेतला.

आता केज, धारूर आणि अंबाजोगाईच्या आम्ही तिघा दंतवैद्यांनी लिहून ठेवलंय: एक जण आजारी पडला तर बाकी दोघं आठवड्यातून एकेक दिवस त्याच्या खुर्चीवर बसतील, तीन महिने. माझ्या डायरीत प्रत्येक पेशंटचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाईल असतो. पासवर्ड शेवटच्या पानावर. ती कुठल्या कप्प्यात असते ते नवऱ्याला माहीत आहे, आणि केजच्या मैत्रिणीलाही.