जुलैत वाळणारे बोंबील: कॉन्सेप्ट आर्टच्या प्रोजेक्टमधल्या या चुका टाळा

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात देखणं चित्र एका बाईंनी दहा सेकंदांत निकालात काढलं. त्या परीक्षक नव्हत्या. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, कोळीवाड्यात सुकत घातलेली मासळी राखत बसलेल्या मावशी होत्या. मी मोठ्या कौतुकाने टॅब त्यांच्यापुढे धरला. पुढे कधीतरीची मुंबई, समुद्र चढलेला, कोळीवाडा अर्ध्या बुडालेल्या टॉवरच्या पाचव्या मजल्यावर गेलेला, जुलैतला धो धो पाऊस आणि दोन इमारतींमध्ये बांधलेल्या दोऱ्यांवर शेकडो बोंबील. मावशींनी पदराला हात पुसले, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "पावसात बोंबील कोन सुकत घालतं गो?"

मग त्यांनी समोरच्या दोरीकडे बोट दाखवलं. मी चित्रात बोंबील एकेकटे, शेपटीला आकडा लावून टांगले होते. प्रत्यक्षात दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. आकडा नाही, सुतळी नाही, काही नाही. माशाचे दातच काम करतात. हे मला घरबसल्या सुचलं नसतं.

कॉन्सेप्ट आर्ट म्हणजे भिंतीवर लावायचं चित्र नव्हे, पुढे सिनेमासाठी किंवा गेमसाठी जे मॉडेल करणार, सेट उभारणार, ॲनिमेशन करणार त्यांच्यासाठी घेतलेले निर्णय. "हे असं का?" याला उत्तर नसेल तर चित्र कितीही चकचकीत असो, पुढचा माणूस अडणार. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, काही वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या ढापल्यात.

जग मोठं, प्रश्न एकही नाही

सुरुवातीला माझ्या आराखड्यात चोवीस फायनल चित्रं होती. चौदा आठवडे, चोवीस चित्रं, म्हणजे आठवड्याला दोनपेक्षा कमी, सहज होईल असा हिशेब. पहिली की-फ्रेम, म्हणजे गोष्टीतला एक महत्त्वाचा क्षण दाखवणारं पूर्ण चित्र, दोन दिवसांची धरली होती, तिला नऊ दिवस लागले. मधे गणपती आले. आमच्या घरी पाच दिवसांचा असतो, आणि त्या पाच दिवसांत 'प्रोजेक्ट आहे' हे कारण आई ऐकून घेत नाही. शेवटी नऊ चित्रं जमली.

म्हणून आधी एक चित्र पार शेवटापर्यंत करून बघा, थंबनेलपासून, म्हणजे पहिल्या छोट्या कच्च्या चित्रापासून, प्रिंटपर्यंत, आणि लागलेले दिवस कॅलेंडरवर लिहा. बाकीचा हिशेब त्या आकड्यावरून करायचा, उत्साहावरून नाही. सबमिशनच्या तारखेपासून मागे मागे येत आखा: प्रिंटसाठी चार दिवस, सरांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांसाठी एक आठवडा, सण, रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक, सगळं वजा करा. उरतील ते तुमचे दिवस.

आणि एका वाक्यात प्रोजेक्ट सांगता येतो का बघा. "बुडालेली मुंबई" हे वाक्य नाही, मथळा आहे. "पाणी चढल्यावर मासळी विकणारी बाई बाजारापर्यंत पोचते कशी?" हे वाक्य आलं आणि माझी चोवीसची यादी आपोआप अकरावर आली. त्या प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही ते गळालं. हवेत उडणारी बेस्टची बसही गळाली, जरा वाईट वाटलं.

सगळ्यांचा मूडबोर्ड सारखाच

'फिशिंग व्हिलेज' असं टाइप केलं की इंटरनेट तुम्हाला केरळचं बॅकवॉटर, व्हिएतनाम आणि नॉर्वे देतं. त्यातून माझ्या पहिल्या होड्या आल्या. निमुळत्या, सुबक आणि वेसाव्याच्या खाडीत कधीच न दिसणाऱ्या. आमच्या वर्गात तिघांच्या मूडबोर्डवर, म्हणजे संदर्भाची चित्रं चिकटवायच्या फलकावर, तोच एक फोटो होता.

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला उतरा, रिक्षा करा, कोळीवाड्यात जा. आधी विचारा, मग वही काढा. फोटो काढण्यापेक्षा बसून रेखाटन करणाऱ्याशी लोक जास्त बोलतात असा माझा अनुभव आहे. जाण्याआधी भरतीची वेळ बघा. तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता साधारण पूर्ण भरती. किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असलेला हा हिशेब मला कॉलेजात कोणी सांगितला नाही. एक चक्कर भरतीला, एक ओहोटीला. ओहोटीला चिखलात कलंडलेली होडी बघितल्याशिवाय तिचा तळ कसा असतो ते कळत नाही.

पावसाचं तर बोललेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका वर ओढून झाकलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा. माझ्या जुलैतल्या चित्रात नौका समुद्रात होत्या आणि बोंबील दोरीवर. दोन्ही बाजूंनी चूक. शेवटी मी ते चित्र डिसेंबरात नेलं. पाऊस गेला, त्याची जागा सकाळच्या धुरकट उजेडाने घेतली, आणि खरं सांगू का, चित्र सुधारलं.

जुने संदर्भही वापरा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात वेगवेगळ्या समाजांच्या पेहरावांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. त्या चारी बाजूंनी बघता येतात, फोटोत पाठ दिसत नाही. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकून तिथेच शिकवणाऱ्या म. वि. धुरंधरांची (१८६७–१९४४) मुंबईतल्या माणसांची रेखाटनं बघा. चार रेषांत धंदा कळतो.

एआयने काढलेली चित्रं रेफरन्स म्हणून वापरू नका. नैतिकतेचा वाद बाजूला ठेवू, माझी तक्रार साधी आहे: त्यातल्या जाळ्याचा एक धागा बोटाने धरून बघा कुठे जातो ते. मधेच हरवतो.

ओहोटीला होडी कुठे बांधणार?

मावशींचा दुसरा प्रश्न हा होता, आणि माझ्या प्रोजेक्टचा निम्मा भाग या एका प्रश्नातून निघाला.

मी पाचव्या मजल्याच्या गॅलरीला सरळ लाकडी धक्का जोडला होता. छान दिसत होता. पण मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. मजला साधारण तीन मीटरचा धरला तर पाणी दीड मजला वर-खाली होणार, तेही दिवसातून दोनदा. म्हणजे सकाळी गॅलरीशी टेकलेली होडी सहा तासांनी दीड मजला खाली. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाई वर येणार कशी?

मग सगळं बदलायला लागलं. धक्का तरंगता झाला, प्लास्टिकच्या पिंपांवरचा. इमारतीच्या भिंतीवर दीड मजल्याचा एक पट्टा आला, खाली शेवाळ आणि शंख-शिंपल्यांची खरबरीत साय, वर कोरडं सिमेंट. त्या पट्ट्यातली घरं रिकामी, फक्त चौकटी उरलेल्या. जिना त्याच पट्ट्यातून जातो म्हणून पायऱ्यांना दोर. यातलं काहीही मी 'डिझाइन' म्हणून बसून काढलं नव्हतं, एका खऱ्या आकड्यामागे गेल्यावर ते मिळत गेलं. तुमचं जग कोळ्यांचं नसेल, गिरणीतलं असेल, चाळीतलं असेल, मंगळावरचं असेल. तिथेही असा एखादा आकडा असतोच. तो शोधा आणि त्याच्या मागे चालत जा.

बारकावे आधी, टोन नंतर

ही चूक दर वर्षी अर्धा वर्ग करतो. कोऱ्या कॅनव्हासवर खिडकीचे गज काढायला बसायचं आणि आठ तासांनी कळायचं की चित्रात नजर ठरतच नाही.

माझ्या रात्रीच्या की-फ्रेममध्ये प्रत्येक खिडकीत दिवा होता. सरांनी चित्र कृष्णधवल करायला लावलं आणि मागे सरकून डोळे किलकिले करून विचारलं, "यात बाई कुठेय?" दिसली नाही. मलाही. मी दिवे मालवत गेले, शेवटी तीनच ठेवले, त्यातला एक तिच्या होडीतला. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ जिथे शेजारी येतात तिथे डोळा आधी जातो, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण दिवे मालवताना पटलं.

दोन इंची थंबनेल काढा, तीनच टोन: काळा, राखाडी, पांढरा. एका पानावर वीस-तीस. मी बरीचशी डोंबिवली ते घाटकोपर लोकलमध्ये काढलीत. धक्क्यात बारकावा जमतच नाही, हा फायदाच समजा. आवडलेलं थंबनेल फोनवर हात लांब करून बघा. तेवढ्यातही गोष्ट कळली तरच मोठं करा. काम करताना कॅनव्हास अधूनमधून आरशातल्यासारखा आडवा उलटा करा, कललेली डोकी लगेच दिसतात.

माणसं राक्षसासारखी दिसतात?

क्षितिजरेषा तपासा. ती बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. तुम्ही पाण्याच्या पातळीवर उभ्या माणसाच्या नजरेतून चित्र काढत असाल, तर होडीत उभी असलेली, तेवढ्याच उंचीची सगळी माणसं जवळची असोत वा लांबची, क्षितिज त्यांच्या डोळ्यांजवळूनच जाणार. माझी लांबच्या होडीतली बाई क्षितिजाच्या अर्धी वर निघाली होती, म्हणजे हिशेबाने दहा-अकरा फूट. अवघड जागा असेल तर ब्लेंडरमध्ये नुसते ठोकळे मांडून कॅमेरा लावून बघा, ते मोफत आहे. पण त्या ठोकळ्यांवर चित्र गिरवू नका, चित्र ताठर होतं.

आणि पात्राची पाठ काढा. मी समोरून लुगडं छान काढलं होतं. टर्नअराउंड शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारं पान, करताना मागचा काष्टा कुठे खोचतात ते मला माहीतच नाही हे उघड झालं. आजीला व्हिडिओ कॉल केला.

तांत्रिक कटकटी, पटापट

प्रिंट काळपट आली: बहुधा अंधाऱ्या खोलीत स्क्रीन फुल ब्राइटनेसवर ठेवून काम केलंय. ब्राइटनेस उतरवा आणि मोठ्या प्रिंटआधी त्याच कागदावर छोटी पट्टी छापून घ्या. झगझगीत निळा-हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मरतोच, माझा समुद्र छापून आला तेव्हा चहासारखा दिसत होता. ए-थ्री, ३०० डीपीआयला कॅनव्हास ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतो. तो सुरुवातीलाच घ्या, शेवटी ताणू नका.

पेनचा दाब अचानक लागेना: आधी ब्रशची प्रेशर सेटिंग बघा, मग टॅब्लेटच्या सेटिंगमधलं विंडोज इंक चालू-बंद करून बघा, मग ड्रायव्हर.

फाईल सेव्ह होईना: फोटोशॉपच्या पीएसडीला दोन जीबीची मर्यादा आहे, त्यापुढे पीएसबी. आणि एकाच फाईलवर सेव्ह करत राहू नका. ०१, ०२, ०३ करत जा, एक प्रत घराबाहेर कुठेतरी.

शेवटच्या रात्री लिहिलेलं मनोगत

"या प्रोजेक्टमधून मला खूप काही शिकायला मिळालं." परीक्षक हे वाक्य एका दिवसात किती वेळा वाचत असतील देव जाणे. रिफ्लेक्शन, म्हणजे हे मनोगत, शेवटी लिहायला बसलं की आठवणी गुळगुळीत झालेल्या असतात. निर्णय का घेतला ते आठवत नाही, मग आपण कारणं रचतो. माझा पहिला मसुदा असाच होता: "रंगसंगतीतून एकाकीपणा दाखवायचा होता." छे. निळा ब्रश हाताशी होता.

त्याऐवजी त्याच दिवशी चार ओळी लिहा: काय ठरवलं, का, काय टाकून दिलं, काय अडलंय. टाकून दिलेलं चित्र फाईलमधून उडवू नका, डायरीत चिकटवा. माझ्या डायरीतली एक नोंद अशी: "पाऊस काढून टाकला. कारण पावसात बोंबील वाळत नाहीत. पण पावसाशिवाय भीती वाटत नाही. भीती हवी आहे का? बाईचं रोजचं काम आहे हे, तिला भीती कशाला. धुकं ठेवते." मनोगताचं एक पान त्यातून जवळपास तसंच उचललं. व्हायव्हामध्ये सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर गेला, आणि जुलैचं रद्द झालेलं चित्र डिसेंबरच्या शेजारी लावलेलं होतं म्हणून बोलायला काहीतरी होतं.

निकालानंतर डिसेंबरच्या चित्राची एक प्रिंट मावशींना नेऊन दिली. त्यांनी आधी बोंबील तपासले. जोड्या बरोबर होत्या. मग तरंगता धक्का, मग भिंतीवरचा पट्टा. मान डोलावली. शेजारणीला हाक मारून दाखवलं. आणि मग विचारलं, "समदं पान्यात गेलंय, मग बर्फ कुठून आनतात गो?"

त्याचं उत्तर अजून काढतेय.