बंदिस्त रेंजवरील बचावात्मक पिस्तूल स्पर्धा : सुरक्षिततेचे नियम आणि सहभागाची पद्धत

मोकळ्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या उघड्या मैदानावर, स्पर्धकाच्या समोर आणि दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध असतात आणि वाट चुकलेली गोळी बहुधा त्या मातीत रुतते. बंदिस्त रेंजवर ही सवलत नसते. तेथे गोळी झेलण्यासाठी बांधलेली जागा मुख्यतः एकच, ती म्हणजे समोरच्या टोकाचा बुलेट ट्रॅप. उरलेल्या सर्व दिशांना काँक्रीटची जमीन, छत, दिवे, हवा खेळवणारी यंत्रणा, टार्गेट पुढेमागे नेणाऱ्या तारा आणि पलीकडे माणसे वावरत असलेल्या भिंती असतात. त्यामुळे मैदानावर अनेक वर्षे नेमबाजी केलेल्या व्यक्तीनेही बंदिस्त रेंजवरील पहिल्या स्पर्धेला नवख्यासारखे सामोरे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रकारच्या स्पर्धांना आजचे रूप मुख्यतः इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन, म्हणजेच आयडीपीए, या १९९६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेमुळे मिळाले. रोज जवळ बाळगता येईल असे पिस्तूल, ते झाकणारा जॅकेटसारखा वरचा कपडा, आडोशाचा वापर आणि हल्लेखोरांसोबत निरपराधांचीही टार्गेटे असलेला एखादा कल्पित प्रसंग, असे या स्पर्धेचे साधारण स्वरूप असते. ‘बचावात्मक’ या शब्दावरून हे आत्मसंरक्षणाचे प्रशिक्षण आहे असा समज होतो, परंतु हा नियमांनी बांधलेला खेळ आहे. परवाना, शस्त्राची वाहतूक आणि वय यांविषयी जेथे जो कायदा असेल तो आधी पाळावा. स्पर्धेचे नियम त्यानंतर येतात.

शस्त्र हाताळणीचे चार मूलभूत नियम येथेही तेच आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे मानावे. जे नष्ट करायचे नाही त्यावरून नळीचे तोंड कधीही फिरू देऊ नये. नेम साधण्यापूर्वी बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, हे पाहिल्याशिवाय गोळी झाडू नये. हे नियम सर्वांना पाठ असतात, पण पाठ असणे आणि सुरुवातीचा बझर वाजल्यानंतर हातात उतरणे यांत बरेच अंतर असते.

रेंजवर पोहोचल्यावर

बहुतेक स्पर्धा ‘कोल्ड रेंज’ या तत्त्वावर चालतात, म्हणजे सुरक्षा अधिकाऱ्याने आज्ञा देईपर्यंत कोणाचेही पिस्तूल भरलेले नसते. पिस्तूल रिकामे करून पिशवीत बंद स्थितीतच आणावे आणि ते होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, ठेवणे, तपासणे किंवा दुरुस्त करणे ही कामे फक्त ठरवून दिलेल्या सेफ एरियात करावीत. तेथे पिस्तूल हाताळता येते, पण काडतूस हाताळता येत नाही, अगदी सरावाचे खोटे काडतूसही नाही. मॅगझीन, म्हणजे पिस्तुलात बसणारी काडतुसांची पेटी, भरण्याचे काम सेफ एरियाबाहेर कोठेही करता येते, मात्र त्या वेळी पिस्तुलाला हात लावता येत नाही. शस्त्र आणि दारूगोळा एकाच वेळी हातात येण्याची जागा फक्त फायरिंग लाइन, म्हणजे जेथून गोळी झाडतात ती जागा, तीही आज्ञेनंतर, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

होल्स्टर कमरेला, पिस्तूल चालवणाऱ्या हाताच्या बाजूला असावे, चाप पूर्ण झाकणारे असावे आणि पिस्तूल काढल्यावरही त्याचे तोंड उघडे राहील इतके ताठ असावे. खांद्याचे, पाठीमागचे आणि उलट्या बाजूने ओढायचे होल्स्टर चालत नाही, कारण त्यातून पिस्तूल काढताना नळी शेजाऱ्यांवरून किंवा स्वतःच्या शरीरावरून फिरते. जॅकेटला लोंबणारी दोरी असल्यास ती आधीच काढून टाकावी. पिस्तूल परत ठेवताना अशी दोरी चापाभोवती अडकली तर गोळी स्वतःच्याच मांडीत जाऊ शकते. दारूगोळ्याविषयी रेंजचा नियम आधी विचारून घ्यावा. पोलाद असलेल्या गोळ्यांमुळे ठिणग्या उडतात आणि ट्रॅपचे नुकसान होते, म्हणून अनेक ठिकाणी गोळीला चुंबक लावून पाहतात. चुंबकाला चिकटणारी काडतुसे अनेकदा स्वस्त मिळतात, पण ती घेऊन आलेल्या स्पर्धकाला परत जावे लागते.

आवाज, हवा आणि पुंगळ्या

सुमारे १४० डेसिबलच्या पुढचा क्षणिक आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो आणि पिस्तुलाचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या आसपास असतो. बंद जागेत तो भिंतींवरून परत येतो, म्हणून कानात बोळे आणि त्यावर इअरमफ असे दुहेरी संरक्षण घ्यावे. दोन्ही साधनांच्या क्षमतेची बेरीज होत नाही; जे अधिक चांगले असेल त्यात सुमारे ५ डेसिबलची भर पडते, पण ही भर मोलाची असते. आज्ञा ऐकू येणेही तितकेच आवश्यक असल्यामुळे बोलणे पोहोचवणारे आणि स्फोटाचा आवाज दाबणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ येथे चैनीची वस्तू ठरत नाहीत. बाजूंनीही डोळे झाकणारा चष्मा प्रेक्षकांसह सर्वांना अनिवार्य असतो, कारण बाहेर फेकली गेलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच, भिंतीवर आपटून अनपेक्षित दिशेने परत येते.

गरम पुंगळी कॉलरमध्ये शिरणे ही हसण्यावारी नेली जाणारी, पण खरोखर धोकादायक गोष्ट आहे. चटका बसताच माणूस वळतो, हात गळ्याकडे जातो आणि भरलेल्या पिस्तुलाची नळी मागच्या लोकांवरून फिरते. चटका सोसावा, नळी ट्रॅपकडेच ठेवावी, बोट चापाबाहेर काढावे आणि मगच काय ते करावे. बंद गळ्याचा सदरा आणि पुढे झडप असलेली टोपी घातल्यास ही वेळ क्वचितच येते. पायांत न घसरणारे बूट असावेत, कारण काँक्रीटवर पसरलेल्या पुंगळ्यांवरून पाय सहज सरकतो.

शिशाचा धोका दिसत नाही आणि म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. अनेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, शिशाचे संयुग असते आणि गोळीच्या उघड्या बुडातूनही शिसे सुटते. चांगल्या रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीमागून ट्रॅपकडे वाहत असते. समोरचा धूर रेंगाळत असेल किंवा चेहऱ्याकडे परत येत असेल, तर आयोजकांना ताबडतोब सांगावे. रेंजच्या आत खाणे, पिणे आणि चेहऱ्याला हात लावणे टाळावे. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी आत थांबू नये. पुंगळ्या गोळा करायला मदत करणाऱ्यांनी कोरडा झाडू मारू नये. त्याने शिशाची धूळ उडते. शिवाय फायरिंग लाइनच्या पुढे न जळलेली दारू साचलेली असते आणि ती पेट घेऊ शकते.

फायरिंग लाइनवर

प्रत्येक स्टेजपूर्वी, म्हणजे स्पर्धेतील प्रत्येक प्रसंगापूर्वी, सुरक्षा अधिकारी लेखी सूचना वाचून दाखवतो. कोठून सुरुवात करायची, किती गोळ्या झाडायच्या, कोणती टार्गेटे निरपराध आहेत आणि नळी कोठपर्यंत वळवता येते, एवढे त्यातून नक्की समजून घ्यावे. मैदानावर स्पर्धकाच्या दोन्ही बाजूंना ९० अंशांपर्यंत, म्हणजे एकूण १८० अंशांची मर्यादा प्रचलित आहे. बंदिस्त रेंजवर ती बहुधा त्याहून अरुंद असते आणि भिंतींवर रंगीत खुणा लावून दाखवलेली असते. खूण ओलांडली की गोळी सुटली नसली तरी स्पर्धकाला स्पर्धेबाहेर जावे लागते. उजव्या हाताने पिस्तूल चालवणारा स्पर्धक डावीकडे धावत असताना मॅगझीन बदलतो, तेव्हा ही चूक सर्वांत जास्त होते. शरीर ज्या दिशेला वळते त्याच दिशेला नळीही वळते. त्यावर उपाय असा की पाय डावीकडे गेले तरी पिस्तूल छातीसमोर, ट्रॅपकडे रोखलेले ठेवायचे आणि ते जमत नसेल तर थांबून मॅगझीन बदलायचे. दोन सेकंद गेले तर जाऊ द्यावेत.

दुसरी मर्यादा वरच्या बाजूची असते. मॅगझीन बदलताना पिस्तूल डोळ्यांसमोर उचलून नळी वर करण्याची सवय अनेकांना असते. येथे वर छत आणि दिवे असतात. गुडघ्यावर बसून जवळच्या उंच टार्गेटवर नेम धरल्यासही गोळी वर चढत जाते. स्टेजची पूर्वपाहणी करताना रिकाम्या हाताने नेम धरून प्रत्येक जागेवरून गोळी टार्गेट भेदून पुढे कोठे जाईल, हे पाहावे. शंका असल्यास आयोजकांना विचारण्याची हीच वेळ असते.

आज्ञा सहसा इंग्रजीतच दिल्या जातात. ‘लोड अँड मेक रेडी’ म्हटल्यावर पिस्तूल भरून होल्स्टरमध्ये ठेवायचे. ‘आर यू रेडी’ नंतर तयारी नसेल तर तसे मोठ्याने सांगायचे. त्यात कमीपणा नाही. ‘स्टँडबाय’ नंतर १ ते ४ सेकंदांत बझर वाजतो. ‘फिंगर’ आणि ‘मझल’ हे बोट आणि नळी यांविषयीचे इशारे आहेत, तर ‘स्टॉप’ ऐकू येताच जेथे असू तेथे गोठून उभे राहायचे, चापावरून बोट काढायचे आणि पुढील सूचनेची वाट पाहायची. हातातून पिस्तूल निसटले तर ते झेलण्याचा प्रयत्न कदापि करू नये, कारण झेलणारे बोट नेमके चापावर पडते. पडलेले पिस्तूल सुरक्षा अधिकारीच उचलतो.

चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज आला, तर मॅगझीनवर थाप मारून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढणे योग्य ठरते. पण नेहमीच्या स्फोटाऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला आणि धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. मग स्वतःहून थांबावे. तिच्यामागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुटू शकते. दुहेरी संरक्षणामुळे हा फरक कानांपेक्षा हातांना आधी कळतो.

अंधाऱ्या स्टेजवर टॉर्च धरलेला हात नळीपुढे येणार नाही, याचा सराव घरी रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून करावा.

शेवटी ‘अनलोड अँड शो क्लिअर’ ही आज्ञा येते. आधी मॅगझीन काढायचे, मग चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बसलेले, काडतूस. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. अधिकाऱ्याने रिकामे चेंबर पाहिल्यावर स्लाइड पुढे सोडून, नळी ट्रॅपकडे ठेवून चाप ओढायचा आणि मग सावकाश, खाली बघून, कपडा बाजूला धरून पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचे. या क्षणी घाई करण्यात काहीच मिळत नाही, कारण घड्याळ केव्हाच थांबलेले असते.

गुण आणि दंड

आयडीपीएच्या पद्धतीत ज्याची एकूण वेळ कमी तो पुढे असतो. मधल्या भागाबाहेर लागलेल्या गोळीसाठी १ किंवा ३, पूर्ण चुकलेलीसाठी ५ गुण वजा होतात आणि प्रत्येक गुणाचा १ सेकंद वेळेत मिळवला जातो. आडोशाची रेषा ओलांडणे किंवा टार्गेटांचा क्रम मोडणे यांसारख्या चुकीला ३ सेकंद, तर निरपराध टार्गेटला गोळी लागल्यास ५ सेकंद दंड होतो. समजा १४.२० सेकंदांत स्टेज पूर्ण केली, ४ गुण गेले आणि एकदा आडोसा सोडला, तर नोंद २१.२० सेकंदांची होते. टार्गेटांचा क्रम साधारण असा असतो : उघड्यावर जवळचे टार्गेट आधी, दूरचे नंतर, आडोशाआडून मात्र ती जशी दिसू लागतील त्याच क्रमाने.

टायमर गोळीच्या आवाजावरून वेळ नोंदवतो, त्यामुळे बंदिस्त रेंजवर तो शेजारच्या लेनमधली गोळी किंवा प्रतिध्वनीही टिपू शकतो. वेळ अवाजवी वाटल्यास टार्गेटवरील छिद्रांवर चिकटपट्टी लावण्यापूर्वी आणि पुढचा स्पर्धक उभा राहण्यापूर्वी अधिकाऱ्याला नम्रपणे विचारावे. सुरक्षेच्या कारणावरून स्पर्धेबाहेर काढले गेल्यास मात्र वाद घालू नये. पिस्तूल पिशवीत ठेवावे आणि थांबून टार्गेटांवरील छिद्रे चिकटपट्टीने बुजवायला मदत करावी. पुढच्या महिन्यात त्याच गटात परत यायचे असते.

निघताना हात आणि चेहरा साबण लावून धुवावेत. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शिसे निघत नाही. अंगावरचे कपडे घरातील इतरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत आणि बूट दाराबाहेर काढावेत, विशेषतः घरात जमिनीवर रांगणारे मूल असेल तेव्हा.