उन्हाळी सत्राची फी आणि खर्च: बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांनी पैसे कसे उभे करावेत

सरकारी शिष्यवृत्त्या शैक्षणिक वर्षाच्या हिशेबाने ठरतात आणि उन्हाळी सत्र त्या हिशेबात सहसा धरलेले नसते. कर्नाटकातील विद्यासिरी योजनेकडे पाहिले की हे लगेच लक्षात येते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना जेवण आणि निवासासाठी दरमहा १,५०० रुपये, तेही वर्षातील १० महिने, अशी या योजनेची रचना राहिली आहे. म्हणजे परीक्षा संपल्यावर जो विद्यार्थी बेळगावात खोली घेऊन उन्हाळी सत्र करतो, त्याच्या हाती नेमक्या त्याच दिवसांत काही येत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी किंवा अथणी तालुक्यातून शिकायला आलेल्या मुलामुलींची मे महिन्यात जी धावपळ होते, तिचे मूळ यातच आहे. ती टाळता येते, मात्र त्यासाठी पैशाची तजवीज आदल्या पावसाळ्यातच सुरू करावी लागते, कारण शिष्यवृत्त्यांचे आणि उन्हाळी फेलोशिपचे बहुतेक अर्ज पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत भरून घेतले जातात.

आपले उन्हाळी सत्र कोणत्या प्रकारचे आहे?

पैसा कोठून मिळेल हे अभ्यासक्रमाच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून हे आधी ठरवावे. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयांत राहिलेले विषय सोडवण्यासाठी उन्हाळी सत्र घेतले जाते आणि त्याची फी विषयागणिक वेगळी आकारली जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा महाराष्ट्रातील अन्य विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार शिकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांकांवर (क्रेडिट्सवर) बाहेर पडून प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तिसरा प्रकार आपल्या भागात फारच कमी विद्यार्थ्यांना ठाऊक असतो आणि त्याबद्दल मला सर्वात अधिक सांगायचे आहे. तो म्हणजे विद्यार्थ्याकडून पैसे न घेता उलट त्याचा खर्च उचलणारे उन्हाळी अभ्यासक्रम.

गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा प्रशिक्षण कार्यक्रम चालतो. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे अर्थसाहाय्य असलेल्या या कार्यक्रमात निवड झालेल्यांच्या निवासाची आणि जेवणाची सोय विनामूल्य होते, शिवाय रेल्वेचे स्लीपर वर्गाचे भाडेही परत मिळते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आणि गणित मनापासून आवडणाऱ्या मुलीने किंवा मुलाने याचा अर्ज भरलाच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण येथे घरच्या परिस्थितीपेक्षा गणिताची समज पाहिली जाते. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिच्यात मानधन आणि प्रवासखर्च दोन्ही असतात. बेंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र यांचेही असे उन्हाळी कार्यक्रम आहेत. यांच्या जाहिराती साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात. अर्जासोबत प्राध्यापकाचे शिफारसपत्र आणि आपल्याला कशाचा अभ्यास करायचा आहे याचे छोटे टिपण लागते. शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांना शेवटच्या दिवशी गाठू नये. निदान तीन आठवडे आधी त्यांच्या हाती गुणपत्रिकेची प्रत आणि टिपणाचा मसुदा द्यावा, म्हणजे त्यांना चार ठोस वाक्ये लिहिता येतात. लहान गावातील महाविद्यालयाच्या नावामुळे आपला अर्ज मागे पडेल या समजुतीने पुष्कळ जण अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

वर्षभराच्या शिष्यवृत्तीतून उन्हाळ्याची तरतूद

ज्यांना स्वतः फी भरूनच उन्हाळी सत्र करायचे आहे, त्यांनी वर्षभरात मिळू शकणारी एकही शिष्यवृत्ती हातची जाऊ देऊ नये आणि मिळालेल्या रकमेतून उन्हाळ्याचा वाटा आधीच बाजूला काढावा. कर्नाटकातील बहुतेक विभागांच्या शिष्यवृत्त्या राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे बोलीत ज्याला एसएसपी म्हणतात तेथे, एकाच अर्जाने मागता येतात. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या रैत विद्यानिधीत पदवीच्या मुलांना वर्षाला ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये, तर अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अनुक्रमे १०,००० आणि ११,००० रुपये ठरवलेले आहेत. त्यासाठी वडिलांच्या किंवा आईच्या नावावरील जमिनीची नोंद असलेला फ्रूट्स आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, लागतो. शेत आजोबांच्या नावावर राहिलेले असेल तर हा आयडी मिळत नाही, आणि खानापूर-चिकोडीकडच्या कितीतरी घरांत वारसा नोंद करण्याचे काम वर्षानुवर्षे तसेच पडलेले असते. ते काम मुलाच्या फीसाठी तरी पूर्ण करून घ्यावे.

निपाणी भागात विडी वळणाऱ्या आयांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. पदवी, पदविका आणि आयटीआयला वर्षाला ६,००० रुपये आणि अभियांत्रिकी-वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना २५,००० रुपये असे तिचे दर आहेत. आईचे विडी कामगार ओळखपत्र हा यातील सर्वात महत्त्वाचा कागद असतो. त्याच पोर्टलवर बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्रीय शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तर वर्गात २०,००० रुपये देणाऱ्या या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत चालते. दरवर्षी नूतनीकरण करताना निदान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. राहिलेला विषय उन्हाळी सत्रात सोडवण्याचा खर्च आणि पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती हातून जाण्याचा धोका, या दोहोंची तुलना करून मगच उन्हाळी सत्राची फी परवडते की नाही हे ठरवावे. अभियांत्रिकीच्या मुलींनी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती शिष्यवृत्तीचा अर्ज चुकवू नये. वर्षाला ५०,००० रुपये ही रक्कम मोठी आहे आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

सीमाभागातील विद्यार्थ्याने एक गोष्ट स्वच्छ समजून घ्यावी. मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती शिकण्याच्या ठिकाणावर ठरत नाही, ती ज्या राज्याचा रहिवासी त्या राज्याकडून मिळते. बेळगाव तालुक्यातील अनुसूचित जातीचा विद्यार्थी कोल्हापुरात शिकत असला तरी त्याने कर्नाटकाकडेच अर्ज करायचा असतो. जातीचे प्रवर्गही राज्यागणिक बदलतात. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात येतो आणि तो दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळतो, परंतु महाराष्ट्रातील कार्यालयात त्या दाखल्यावर तेथील प्रवर्गाची सवलत मागता येत नाही. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशप्रक्रियेत मात्र वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी ‘ई’ प्रकार ठेवलेला आहे. त्यातून प्रवेश घेतलेल्यांनी रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला मूळ स्वरूपात जपून ठेवावा, कारण सीमाभागातील विद्यार्थी म्हणून पुढे कोणतीही फी सवलत मागताना याच कागदांचा आधार असतो. शिवाजी विद्यापीठातील ‘कमवा व शिका’ योजनेचीही विद्यार्थी विकास विभागात जाऊन प्रत्यक्ष चौकशी करावी.

कागदपत्रे

अर्ज अडतात ते बहुधा नावावरून. मराठी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘परशराम’, आधार कार्डावर ‘परशुराम’ आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर विद्यार्थ्याच्या नावापुढे नुसते ‘पी’ हे आद्याक्षर, अशी एकाच मुलाची तीन नावे तयार होतात आणि संगणक ती तीन वेगळी माणसे समजतो. मार्क्स कार्ड बदलून घेणे किचकट असते, म्हणून आधारवरील नाव मार्क्स कार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर दुरुस्त करून घ्यावे. नाडकचेरीच्या जात आणि उत्पन्न दाखल्यावर ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. एसएसपीवर तोच भरायचा असल्याने दाखल्याची मुदत आधी तपासावी. बँक खात्याबाबत एवढे ध्यानात ठेवावे की थेट जमा होणारी रक्कम ज्या खात्याला आधार सर्वात शेवटी जोडले गेले त्या खात्यात जाते. कोल्हापुरात कॉलेजसाठी नवे खाते उघडताना आधार जोडले गेले आणि गावातील बँकेत पैशाची वाट पाहत बसलो, असा प्रकार सर्रास घडतो.

उन्हाळी सत्रासाठी प्राचार्यांकडून वेगळे पत्र घ्यावे, नेहमीच्या बोनाफाईडवर भागवू नये. हा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या नियमानुसार पदवीचा भाग आहे, तो अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल, त्याचे इतके श्रेयांक आहेत आणि त्याची फी इतकी आहे, ही चारही विधाने त्या पत्रात आली पाहिजेत. बँक, वसतिगृह आणि देणगी देणारे विश्वस्त मंडळ या तिघांनाही हेच पत्र दाखवता येते. वसतिगृहे सुट्टीत बंद होतात, त्यामुळे बीसीएम (मागासवर्ग कल्याण) किंवा समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहणाऱ्यांनी हे पत्र जोडून सुट्टीत राहू देण्याचा अर्ज मार्चमध्येच वॉर्डनमार्फत तालुका अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. महाविद्यालयाकडेही त्याच वेळी फी दोन हप्त्यांत भरू देण्याची लेखी विनंती करावी. तोंडी मागितलेल्या सवलतीची पुढे कोणी दखल घेत नाही.

कर्ज, प्रवास आणि फी वाचवण्याचा मार्ग

एका उन्हाळी सत्रासाठी वेगळे शैक्षणिक कर्ज काढणे बहुधा व्यवहार्य ठरत नाही. ज्यांचे कर्ज आधीच मंजूर आहे त्यांनी मात्र उन्हाळी फी पुढच्या हप्त्यात धरण्याची विनंती शाखेकडे करावी, कारण बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शिकवणी, परीक्षा, वसतिगृह, पुस्तके आणि प्रकल्प यांचा खर्च बसतो आणि ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. नव्याने कर्ज घेणाऱ्यांनी पहिल्याच अर्जात सर्व वर्षांच्या खर्चासोबत उन्हाळी सत्रांचाही अंदाज द्यावा. इंटर्नशिप किंवा राहिलेला विषय असे काही ना काही निघतेच. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी मागासवर्गीयांसाठीच्या देवराज अरसु निगमाची ‘अरिवु’ कर्ज योजना २ टक्के व्याजाची आहे, आणि मराठा समाजातील विद्यार्थ्यांनी कर्नाटक मराठा समुदाय विकास निगमाच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. सोसायटीतून किंवा खासगी फायनान्समधून चढ्या व्याजाने पैसे उचलून उन्हाळी सत्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असा विषय पुढच्या नियमित परीक्षेत सोडवलेला बरा.

प्रवासाचा खर्च मुलींना बराच कमी येतो. ११ जून २०२३ पासूनच्या शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील रहिवासी मुलींना राज्यातील साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. मुलांचा सवलतीचा पास मात्र शैक्षणिक वर्षापुरता असतो, म्हणून उन्हाळी सत्राच्या तारखा त्यात बसतात का हे वर्षारंभी पास काढतानाच विचारावे.

श्रेयांक कमी पडत असतील तर फी भरण्याआधी स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे केंद्र सरकारी पोर्टल पाहावे. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यापीठे स्वयम् वरून ग्राह्य धरू शकतात. शिकणे विनामूल्य असते, फक्त परीक्षेची फी भरावी लागते. त्यावरील एनपीटीईएल या आयआयटींच्या अभ्यासक्रमांची ती बराच काळ विषयामागे १,००० रुपये राहिली आहे. हे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत चालतात. त्यामुळे उन्हाळ्यात लागणारे श्रेयांक जानेवारीतच नाव नोंदवून मिळवता येतात. मात्र नोंदणीपूर्वी विभागप्रमुखांकडून हा विषय ग्राह्य धरला जाईल असे लेखी घ्यावे, आणि निकाल लागल्यावर ते श्रेयांक आपल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेच्या) खात्यात जमा झाल्याची खात्री करून त्याची प्रत परीक्षा विभागात द्यावी.