जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी रबर बघा

रोजची गाडी विकून जुनी फेरारी किंवा पोर्शे 911 घ्यायचं मनात आलं असेल, तर रंग, आवाज, सीटचं चामडं तुम्ही बघालच. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी हातात धरून गाडीवर स्वतः वाचा. जुळले नाहीत तर तिथूनच परत फिरा. आता मुख्य काम, रबर. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि इंजिन उघडावं लागलं.

गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं. ‘फार चाललेली नाही’ असं कुणी कौतुकानं सांगितलं की जास्त सावध व्हा. फेरारी 308, 328, 355 यांना टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा रबरी पट्टा असतो. तो साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलायचाच, गाडी शेडबाहेर आली नसली तरी. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून बेल्ट बदलल्याचं तारखेसकट बिल मागा. ‘आत्ताच बदललाय’ हे तोंडी चालत नाही. बिल नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरून किंमत बोला. 355 ला या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, तेव्हा मजुरी आधीच विचारून ठेवा. 1998 पर्यंतच्या एअरकूल्ड (हवेनं थंड होणाऱ्या) 911 ला बेल्टच्या जागी चेन असते, पण म्हणून निर्धास्त होऊ नका. पेट्रोलचे होज (नळ्या) तिथेही रबराचेच, आणि तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटते.

त्यात आता पंपावर ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्याचा मला आनंदच आहे. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातले होज, गॅस्केट, कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम त्यासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल ओल धरतं, आणि कोल्हापूरच्या पावसात ही गाडी उभीच राहणार. सगळे होज इथेनॉलला टिकणारे टाकून घ्या, तो खर्च गाडीच्या किमतीतच मोजा. टायरही रबरच! बाजूवरच्या कोडात शेवटचे चार आकडे वाचा: 1114 म्हणजे 2014 चा अकरावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 च्या आधीचा. नक्षी कितीही खोल असू दे, त्यावर गगनबावड्याचा घाट उतरायचा नाही.

जागेचं बघा. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारी विचारा, गॅरेज त्याच्या वर हवं. गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासेल का, तेही मोजा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नमुना दिला की बुश, पिन, ब्रॅकेट झकास करून मिळतं. बेल्ट आणि सील मात्र बाहेरूनच मागवावे लागतात, त्यात दिवस जातात. तेवढ्यासाठी रोजची गाडी निदान एक पावसाळा विकू नका.

आरटीओ: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फिटनेससकट. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ (व्हिंटेज गाड्यांचा) नंबर घेतलात तर ती रोज वापरता येत नाही. विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीचा घ्या. आग विझवायचा सिलिंडर सीटजवळ. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगा. टोकन बेल्टचं बिल बघून, त्यावरची तारीख वाचून मगच.