हवाई युद्धाचं पुस्तक कसं वाचावं: १९६५ आणि १९७१ साठी वही, नकाशा, घड्याळ

लढाऊ वैमानिकाच्या आठवणी कादंबरीसारख्या वाचत गेलं की शेवटी 'किती विमानं पाडली' एवढंच डोक्यात उरतं, आणि नेमका तोच आकडा सगळ्यात कच्चा असतो. १९६५ किंवा १९७१ च्या भारत-पाक युद्धावरचं पुस्तक हातात घ्याल तेव्हा शेजारी एक वही, पंजाब-काश्मीर आणि बंगालचा नकाशा आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर असू द्या.

विकत घेण्याआधी पुस्तकाची मागची पानं उघडा. परिशिष्टात गमावलेल्या विमानांची यादी तारीख, स्क्वाड्रन, वैमानिक आणि विमानाच्या सिरियल नंबरसकट असेल, तर पुस्तक हिशेबाला उपयोगी. नुसताच 'एकूण इतकी' असा आकडा असेल, तर ते आठवणी म्हणून वाचा. त्यातही गोडी असते, पण पुरावा म्हणून ते वापरू नका. प्रकाशनाचं सालही बघा. युद्ध संपल्यासंपल्या आलेल्या पुस्तकांत बहुतेक फक्त आपल्या बाजूचे दावे असतात.

हुद्द्यांचा घोळ आधीच मिटवा. फ्लाइट लेफ्टनंट म्हणजे लष्करातला कॅप्टन, स्क्वाड्रन लीडर म्हणजे मेजर, विंग कमांडर म्हणजे लेफ्टनंट कर्नल. 'सॉर्टी' म्हणजे एका विमानाचं एक उड्डाण. वीस सॉर्टी म्हटल्यावर वीस विमानं डोळ्यासमोर आणू नका, चार विमानं पाचपाच वेळा गेलेली असू शकतात. मराठी अनुवादांत हे हमखास चुकतं.

आता वेग. ४०० नॉट म्हणजे ताशी सुमारे ७४० किलोमीटर, सेकंदाला दोनशे मीटर. 'पाच सेकंद मागे वळून पाहिलं' असं वाक्य आलं की तेवढ्यात एक किलोमीटर गेला, हे समासात लिहून टाका. उंची फुटांत असते. १०० फूट म्हणजे दहामजली इमारतीएवढं.

तोफांचंही गणित करून पाहा. नॅट या आपल्या छोट्या लढाऊ विमानाला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा, प्रत्येकीला ११५ गोळे. तोफ सेकंदाला वीसेक गोळे फेकते, म्हणजे सगळा साठा सहा सेकंदांत खलास. कोणी नॅटमधून दहा सेकंद सलग मारा केल्याचं लिहिलं असेल, तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाका. समोरच्या, म्हणजे पाकिस्तानच्या सेबर विमानाला सहा मशिनगन, त्या जास्त वेळ चालत, पण गोळी लहान. आणखी एक गोष्ट: नॅटची लांबी पावणेनऊ मीटरच्या आसपास, एसटीच्या बसपेक्षाही आखूड. 'तो दिसलाच नाही' हे सेबरवाल्यांच्या लिखाणात वारंवार का येतं, ते यावरून कळतं.

दाव्यांकडे वळू. ३ सप्टेंबर १९६५ चा दिवस दोन्ही बाजूंच्या पुस्तकांतून समोरासमोर ठेवून वाचा. आपल्याकडे ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याची नोंद झाली, त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानी पुस्तकांत मात्र तेच सेबर जबर मार खाऊनही तळावर परत उतरतं. त्याच दिवशी ब्रिज पाल सिंग सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. पाकिस्तानी पुस्तकं म्हणतात त्यांच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने उतरायला भाग पाडलं, भारतीय पुस्तकं म्हणतात साथीदारांपासून तुटल्यावर चुकून उतरलं. यात कोणी खोटं बोलतंय असं लगेच धरू नका. धूर सोडत खाली जाणाऱ्या विमानाचं पुढे काय होतं ते बघत बसणाऱ्याच्या शेपटीवर दुसरा येऊन बसतो, म्हणून वैमानिक मान वळवून निघून जातो. तोफेबरोबर चित्रण करणाऱ्या गन कॅमेऱ्यातही गोळे लागलेले दिसतात, विमान जमिनीवर आपटलेलं बहुधा दिसत नाही.

उलटंही घडतं. ७ सप्टेंबर १९६५ ला आदमपूरहून सरगोधा या पाकिस्तानी हवाई तळावर गेलेल्या भारतीय मिस्टेअर विमानांतले ए. बी. देवय्या परतले नाहीत. त्यांनी स्टारफायटर पाडलं होतं, पण पाहणारा साथीदार नव्हता आणि फिल्म विमानाबरोबरच गेली. उलगडा झाला तो पाकिस्तानच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकातून. महावीरचक्र मरणोत्तर मिळालं, तेही १९८८ मध्ये. म्हणून एका बाजूची यादी कितीही नीटनेटकी असली, तरी ती अर्धीच धरायची.

वहीत प्रत्येक चकमकीला एक आडवं पान द्या. रकाने असे: तारीख आणि वेळ, ठिकाण, आपली विमानं, त्यांची विमानं, दावा कोणाचा, डोळ्यांनी कोणी पाहिलं, समोरच्याने काय कबूल केलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तोवर बेरीज करू नका. समोरच्याने 'अपघात' किंवा 'विमानविरोधी तोफांचा मारा' म्हणून लिहिलेलं नुकसानही तिथेच नोंदवा, कारण एकच विमान दोन पुस्तकांत दोन कारणांनी पडलेलं सापडतं.

सरावाला बोयऱ्याची (बंगालमध्ये, पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ) चकमक घ्या. ती छोटी आहे, चार नॅट आणि काही सेबर. तारीख २२ नोव्हेंबर १९७१, म्हणजे युद्ध जाहीर होण्याआधीची, त्यामुळे डिसेंबरच्या प्रकरणात शोधाल तर सापडणार नाही. भारतीय दावा तीन सेबरचा. दोन वैमानिक आपल्या हाती सापडले, म्हणजे दोघांचा शेवटचा रकाना पक्का भरतो. त्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरं सेबर पाकिस्तानी नोंदीनुसार जखमी होऊन ढाक्याला पोचलं. ते 'नुकसान' या खाली लिहा, 'पाडलं' या खाली नाही.

वेळ लिहिताना एक खोच आहे. पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पूर्व पाकिस्तानचं अर्धा तास पुढे. सरगोध्याच्या पाकिस्तानी वेळेत अर्धा तास मिळवायचा, बोयऱ्याच्या वेळेतून वजा करायचा. नाहीतर एकाच चकमकीची वहीत दोन पानं होतात.