कुमारिनचे कॉम्प्लेक्स तपासताना या चुका टाळा

पावसाच्या तोंडावर आमच्याकडे सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रण मारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाला आवर घालतं ते त्यातलं तांबं, हे बागायतदाराला पक्कं ठाऊक असतं. त्याचीच मुलगी एम.एस्सी.ला येते, कुमारिन या वनस्पतींतल्या सुगंधी संयुगापासून केलेल्या लिगँडचं (धातूला धरणाऱ्या रेणूचं) कॉपर कॉम्प्लेक्स, म्हणजे तांब्याशी जोडलेलं संयुग, करते, बुरशीवर लावते आणि प्रोजेक्टमध्ये लिहिते, ‘लिगँडपेक्षा कॉम्प्लेक्स जास्त प्रभावी’. नुसतं कॉपर ॲसिटेट, म्हणजे तांब्याचा साधा क्षार, लावून पाहिलंस का, असं विचारलं की गप्प होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बुरशी वाढवायच्या एकाच प्लेटमध्ये लिगँड, धातूचा क्षार, कॉम्प्लेक्स आणि नुसतं डीएमएसओ (हे सगळं ज्यात विरघळवतात तो द्रावक) असे चारही वेल, म्हणजे नमुना भरायचे खड्डे, हवेत, शिवाय प्रमाणित औषध. क्षारातलं तांबं कॉम्प्लेक्समधल्या तांब्याइतकंच घ्या. नाहीतर बुरशी तांब्याने मेली की तुमच्या रेणूने, हे कसं कळणार? अशा वेळी ट्वीडीचा चिलेशन सिद्धान्त लावून मोकळं होण्याची सवय आहे. चिलेशनने, म्हणजे लिगँडने धातूला चिमटीत पकडल्याने, धातूची ध्रुवीयता घटते आणि रेणू पेशीपटलातून सहज आत जातो, असं तो सांगतो. पण रेणू मेदात किती विरघळतो हे मोजलंच नसेल, तर ती फक्त शक्यता म्हणून लिहा.

तुलना मायक्रोग्रॅममध्ये करू नका, मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येवर, करा. एका धातूवर दोन लिगँड असले तर कॉम्प्लेक्सचा रेणू लिगँडच्या दुपटीहून जड होतो. म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू निम्म्याहून कमी. झोनच्या (वेलभोवती बुरशी न वाढलेल्या वर्तुळाच्या) मिलिमीटरवरही फार विसंबू नका. मोठा, कमी विरघळणारा रेणू प्लेटमधल्या अगारच्या जेलीत पसरतच नाही. एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढा.

आता बनवण्याकडे. साधं कुमारिन धातूला नीट धरत नाही, कारण त्याच्या लॅक्टोनचा (एस्टरच्या कडीचा) ऑक्सिजन दुबळा दाता आहे, धातूला इलेक्ट्रॉन सहज देत नाही. म्हणून ८-फॉर्मिल-७-हायड्रॉक्सी कुमारिनपासून शिफ बेस (अमाइन जोडून झालेलं इमिन) करतात, म्हणजे फिनॉलचा ऑक्सिजन आणि इमिनचा नायट्रोजन मिळून धातूला चिमटीत पकडतात. इथे फिनॉलचा प्रोटॉन काढायला सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं की लॅक्टोनची कडी उघडते. आयआरमधला (अवरक्त वर्णपटातला) १७०० सेमी⁻¹ च्या आसपासचा लॅक्टोनचा पट्टा गायब होतो आणि मुलं त्यालाच ‘धातूशी बंध झाला’ म्हणतात. त्याऐवजी ट्रायएथिलअमाइन किंवा सोडियम ॲसिटेट असा सौम्य बेस वापरा.

जुलैत तर आमच्या प्रयोगशाळेत दमट हवेशीच झगडा चालतो. डेसिकेटरमधली निळी सिलिका बघता बघता गुलाबी होते. झिंक क्लोराइड तराजूवर ठेवलं की खडे डोळ्यांदेखत ओलसर होऊन कागदाला चिकटतात, आणि वजनात पाणीच जास्त येतं. एका वर्षी आमचं धातू-लिगँडचं प्रमाण जुळेना, ते याच कारणाने. आयआरच्या गोळीत मिसळायचं पोटॅशियम ब्रोमाइडही पाणी ओढतं. मग ३४०० जवळ रुंद पट्टा येतो आणि मुलं तिथे ‘समन्वयित पाणी’, म्हणजे धातूला बांधलेलं पाणी, लिहितात. ब्रोमाइड ओव्हनमध्ये सुकवा. पाणी खरंच बांधलेलं आहे का, ते टीजीएवरून (तापवताना घटणाऱ्या वजनाच्या आलेखावरून) ठरवा. स्फटिकाच्या जाळीतलं पाणी आधी निघतं, धातूला धरलेलं साधारण १५० अंशांच्या पुढे.

यूव्ही दिव्याखाली निळं चमकणारं लिगँड तांबं जोडताच विझलं, तर घाबरून फेकू नका. कॉपर प्रतिदीप्ती, म्हणजे ही चमक, विझवतं आणि झिंक बऱ्याचदा ती वाढवतं. या धातूंचे संवेदक त्यावरच बनतात. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत डीपीपीएचचा रंग किती घटला ते ५१७ नॅनोमीटरला मोजतात; रंगीत कॉम्प्लेक्स मात्र तिथे स्वतःच प्रकाश शोषू शकतं, तेव्हा त्याचा वेगळा ब्लँक (डीपीपीएचशिवायचं द्रावण) घ्यायला विसरू नका.

आणि डीएमएसओमधलं द्रावण आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून वापरू नका. डीएमएसओ स्वतःच धातूला बिलगू शकतं. कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन त्यात विरघळवलं की त्याचा क्लोराइड सुटतो आणि औषधाचा जोर जातो. म्हणून ताज्या द्रावणाचा यूव्ही आलेख घ्या, २४ तासांनी पुन्हा घ्या. पट्टा सरकला असेल तर पेशींवर तुम्ही जे लावलंत ते तुमचं कॉम्प्लेक्स नव्हतं.