मिरी, माज आणि नोव्हेंबरचा हाका

आईला फोनवर सांगितलं, मिरीला, म्हणजे माझ्या शिकारी टेरिअरला, रक्त जातंय, या शनिवारी तिला रानात नेणार नाही. ती लगेच म्हणाली, "म्हणजे तिलाही कावळा शिवला म्हण की! बसव मग चार दिवस बाजूला."

हसायला आलं. पण पहिल्या वर्षी माझ्याही डोक्यात हाच हिशोब होता, आणि त्या हिशोबाने मला भर हाक्यात, म्हणजे कुत्री सोडून डुकरं उठवायच्या सामूहिक शिकारीत, तोंडघशी पाडलं.

मी मूळची कराडकडची. नोकरीनिमित्त जर्मनीत कासेलला आले आणि राइनहार्ड्सवाल्डच्या रानाने मला ओढलं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. इथे मात्र तो परवान्याचा, परीक्षेचा आणि जबाबदारीचा विषय आहे. रानडुकरांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते, नाहीतर मक्याच्या शेताची वाट लागते. परीक्षेला लोक गमतीने 'हिरवी मॅट्रिक' म्हणतात. ती पास झाले आणि वर्षभरात मिरी घरात आली. जात याग्ड टेरिअर, वजन आठ किलो, रंग नावाप्रमाणे काळा, भुवया आणि पाय तांबूस. ही जात पहिल्या महायुद्धानंतर बव्हेरियात तयार झाली, तिचा क्लब 1926 सालचा. दिसण्यासाठी नाही, कामासाठी घडवलेला कुत्रा. बिळात शिरणं, झुडपातून डुक्कर उठवणं, जखमी जनावराचा माग काढणं, सगळं येतं. सोफ्यावर गप्प बसणं तेवढं येत नाही.

इथे नव्याने परवाना काढून टेरिअर मादी घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. (मराठीत 'कुत्री' लिहिलं की शिवी दिल्यासारखं वाटतं, म्हणून मादी.) नर घेतला तर यातलं निम्मं वाचू नका, पण उरलेलं निम्मं जरूर वाचा. कारण माजावरच्या मादीच्या वासाने बिघडतो तो नरच.

आता मुख्य गोष्ट. माणसाच्या पाळीचं गणित कुत्र्याला लावू नका. बाईच्या पाळीत रक्त थांबलं की तो विषय संपतो. मादीचं बरोबर उलटं. रक्त येतं ते माज सुरू होताना. साधारण आठ-नऊ दिवस ते गडद असतं. या काळात नर मागे लागतात, पण ती त्यांना दात दाखवते. मग रक्त फिकं होतं, गुलाबी, कधी गवताच्या काडीच्या रंगाचं. आपल्याला वाटतं, सुटलो. आणि नेमके तेव्हाच तिचे खरे दिवस सुरू होतात, पुढचे आठ-नऊ दिवस. कुणाचे कमी, कुणाचे जास्त. म्हणून पहिल्या थेंबापासून तीन आठवडे धरायचे आणि त्यावर थोडे दिवस राखून ठेवायचे.

मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं. पण परीक्षेसाठी वाचलेलं आणि अंगात मुरलेलं यात फरक असतो.

मिरीचा पहिला माज एप्रिलमध्ये आला, दहाव्या महिन्यात. आपल्याकडे भाद्रपद लागला की गल्लीतली कुत्री एकमेकांमागे धावतात, तेव्हा वाटायचं सगळ्याच कुत्र्यांचा एक ठरलेला महिना असतो. या घरच्या कुत्र्यांना पंचांग नाही. दोन माजांत सरासरी सात महिने, पण पाच ते अकरा काहीही होऊ शकतं. एप्रिलमध्ये सात मिळवा. नोव्हेंबर. म्हणजे हाक्यांचा ऐन हंगाम. हे बोटांवर मोजता येण्यासारखं गणित मी मोजलंच नाही.

नोव्हेंबरात रक्त दिसलं तेव्हा एक हाका मी सोडला. दुसरा होता बाराव्या दिवशी. त्या सकाळी पांढऱ्या टिश्यूवर जेमतेम पिवळसर डाग आला. टेरिअर स्वतःला चाटून इतक्या साफ ठेवतात की लादीवर काही दिसतच नाही, टिश्यूनेच बघावं लागतं. मी ठरवलं, झालं. शेपटीच्या मुळाशी बोट लावून बघितलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. दिवस भरात असले की मादी तिथे हात लागताच शेपटी एका बाजूला वळवते आणि मागचे पाय रोवून उभी राहते. दहा सेकंदांची तपासणी. केली नाही.

केशरी जॅकेट, जीपीएसचा पट्टा, सगळं घालून तिला सोडलं. वीसेक मिनिटांनी यंत्रावर तिचा ठिपका एका काटेरी दाटीत थांबला. थांबलेला ठिपका म्हणजे बहुतेकदा डुक्कर अडवलेलं असतं. टेरिअर समोर उभं राहून भुंकत राहतं आणि आपण पोचायचं असतं. मी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी तुडवत धावले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की भुंकणं ऐकूच येत नाहीये. पोचले तर मिरी आणि एक तपकिरी वाख्टेलहुंड (ही दुसरी एक जर्मन शिकारी जात) शेपटीला शेपटी लावून उभे, दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना, चेहऱ्यावर बसची वाट बघणाऱ्यांचा भाव.

अशा वेळी ओढायचं नाही, पाणी ओतायचं नाही, ओरडायचं नाही. ती गाठ दहा मिनिटं ते अर्धा तास राहते आणि आपोआप सुटते. जबरदस्ती केली तर दोघांनाही इजा होते. नराचा म्हातारा मालक मागून आला. त्याने एकदा बघितलं, पडलेल्या ओंडक्यावर बसला आणि थर्मास उघडला.

"कितवा दिवस?"

"बारावा."

त्याने कपात चहा ओतून माझ्यापुढे धरला. "म्हणजे माझ्या कुत्र्याला मोजता येतं."

इथे शिकारी एकमेकांशी अरे-तुरेच बोलतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'तू' म्हणणं मला वर्षभर जड गेलं, त्या दिवशी तर तोंडातून शब्दच फुटेना. त्याच्या कुत्र्याचा दिवस गेलाच, शिवाय आणखी दोन नर डुकराचा माग सोडून आमच्या दिशेने आले होते. एका मादीमुळे आठ-दहा कुत्र्यांचं काम बिघडतं, नरांची आपसात जुंपते आणि कुणीतरी रस्त्यावर पळून गाडीखाली येतं. म्हणून माजाबद्दल आयोजकाला आधी कळवणं ही सभ्यता नाही, नियमच समजा. कुत्र्यांच्या परीक्षांनाही तसंच. कळवायचं. बहुतेकदा तिला शेवटी आणि बाकीच्यांपासून लांब तपासतात, काही ठिकाणी घेत नाहीत. घेतलं नाही तर भांडायचं नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. नको असलेल्या गर्भासाठी चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं देतात, ती दिली. डॉक्टरांनी बजावलं की यानंतर पुढचा माज लवकर येऊ शकतो. आला. एप्रिलच्या सुरुवातीला, पाच महिन्यांत.

त्या माजात मात्र मी शहाणी झाले होते. घरी बसवून ठेवलं तर टेरिअर भिंत खाते, तिला काम हवंच. पण एकटीचं. आमच्याच रानाच्या तुकड्यात, लांब दोरीवर, आदल्या संध्याकाळी आखलेला रक्ताचा माग. दोर सोडायचा नाही, कितीही शहाणी वाटली तरी. पहिल्या आठवड्यात तिने सुंदर काम केलं, नाक जमिनीवरून उचललं नाही. अकराव्या दिवसापासून ती दर पन्नास पावलांवर थांबून मुतू लागली आणि वाऱ्यात नाक उंचावून भलतीकडेच बघू लागली. मी सराव बंद केला. त्या दिवसांत चुकीबद्दल ओरडून उपयोग नसतो, तिचं चित्त ठिकाणावर नसतं.

हीटची चड्डी घर आणि गाडीपुरतीच. रानात ती काट्यात अडकते, आणि नराला तर ती अडवतच नाही. वास मारणाऱ्या गोळ्या-फवाऱ्यांवर मी पैसे घालवले, तुम्ही घालवू नका. त्यापेक्षा गाडीतला पिंजरा, जॅकेट आणि पट्टा धुवा. मी न धुतलेला पिंजरा मैत्रिणीला वापरायला दिला होता, तिचा नर दोन दिवस जेवला नाही.

माज संपला की विषय संपला असं वाटतं, तीही चूक. गर्भ असो-नसो, मादीच्या शरीरात पुढचे दोन महिने गाभणपणाचेच हार्मोन असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरी कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसली. माझा एक लोकरी मोजा पोटाशी धरलेला, जवळ गेलं की गुरगुर, आणि सड भरलेले. खोटं गाभणपण. त्यातच गाडीने उडवलेल्या हरणाचा माग काढायला फोन आला आणि मी तिला नेलं. हरीण तिने शोधून दिलं, पण परतताना भरलेल्या सडांवर काट्यांचे ओरखडे होते आणि एक सड दुसऱ्या दिवशी लाल होऊन सुजला. दूध असताना तिला काटेरी रानात किंवा बिळात घालू नका. मोजा काढून घ्या, चालणं वाढवा, सड पिळू नका, पिळलं की दूध वाढतं. आठवड्याभरात उतरलं नाही तर औषध मिळतं.

याच दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, वयस्कर मादीला जास्त. खूप पाणी पिणं, खाणं सोडणं, उलटी, मलूलपणा. घाण बाहेर दिसेलच असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर ती आतच साठते आणि तो प्रकार जास्त घातक. शिकारीवरून दमली असेल म्हणून रात्र काढू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

"मग ऑपरेशनच का करत नाहीस?" हा प्रश्न मला दर फोनला येतो. इथे पशुकल्याण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार निरोगी जनावराचा अवयव असाच काढता येत नाही. वैद्यकीय कारण किंवा अनियंत्रित पैदास रोखणं असे अपवाद आहेत. करायचंच असेल तर माजानंतर तीनेक महिन्यांनी, शरीर शांत असताना. मिरीचं मी अजून ठरवलेलं नाही. चांगलं काम करते, एखादी वीण घ्यावी असं वाटतं.

आई दरवर्षी कालनिर्णय पाठवते. गावाकडे त्यावर दुधाचा आणि सिलेंडरचा हिशोब असायचा, माझ्याकडे संकष्टी-एकादशीच्या मध्ये मिरीच्या तारखा आहेत. पहिला थेंब लाल पेनने, फिका डाग हिरव्याने, आणि तिथून नऊ आठवड्यांवर एक प्रश्नचिन्ह. यंदा लाल खूण 28 ऑक्टोबरला पडली. हाका 8 नोव्हेंबरला. मोजलं तर पुन्हा बारावा दिवस.

त्या म्हाताऱ्यालाच फोन केला, यंदा आयोजक तोच आहे. म्हणाला, "तू ये, हाकाऱ्यांत माणसं कमी आहेत. ती घरी." मी रानातले बूट दाराशी काढून ठेवलेत. मिरी कालपासून त्यांच्यावर बसून आहे.